जुलैत सुरमई मागणाऱ्या भाच्यास

सावंतवाडी,
नागपंचमी

चि. समीर,

‘मालवणात बघण्यासारखं काही नाही आणि खाण्यासारखं त्याहून नाही,’ असं घरच्या ग्रुपवर लिहिलंस आणि खाली हसरे चेहरे टाकलेस. ते वाचताना तुझी आत्या हळदीच्या पानांवर पीठ थापत होती. तिचं लक्ष उडालं आणि पातोळ्यांचा पहिला घाणा जास्त उकडला. जुलैत मालवणच्या हॉटेलात चार दिवस राहिलास, आत्याला फोन केलास तो परतीच्या गाडीत बसल्यावर. त्यावर इथे काही लिहायचं नाही असं तिने ठरवलंय.

तू विचारलंस एवढंच, की डिसेंबरात तुझे बंगळूरचे मित्र येतायत, त्यांना कुठे उतरवू? सांगते. पण आधी ती सुरमई.

1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. माशांच्या विणीचे दिवस, शिवाय खवळलेला दर्या. आणि नेमकी त्याच दिवसांत सुरमई मागितलीस! ताटात आली ती बर्फातलीच असणार, मग चव कसली लागतेय? त्या वेळी इथल्या घरांत टाकळ्याची भाजी असते, फणसाच्या आठळ्या आणि ओलं खोबरं घातलेली. कुळथाची पिठी आणि भात, सोबत चुलीत भाजलेला खारा बांगडा. ‘इथे फेमस काय?’ असं परक्या गावात कधी विचारू नये रे. ‘आज तुमच्या घरी काय शिजलं?’ असं विचारावं. आत्या हे खूळ घेऊन तंजावरपर्यंत फिरून आलीये आणि कुठे उपाशी राहिली नाही.

बघण्यासारखं नाही म्हणतोस, तर कुडाळ स्टेशनवर उतरलास ना? पिंगुळी तिथून रिक्षाच्या अंतरावर. ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी तिथे गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या, सगळं तिथे आहे. चित्रकथीत एकेक चित्र उभं धरून रामायण-महाभारतातली कथा सांगतात, गातात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान उलटलं की पुढचा प्रसंग तयार. अशीच चित्रं पुण्यात तुझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. कितीदा गेलायस? एकदा, चौथीत, तेही शाळेच्या सहलीने, आणि त्या दिवशी डबा हरवून आलास.

सावंतवाडीच्या गंजिफ्यावर, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांवर, मात्र आत्या जरा रेंगाळणार, तिचं घर राजवाड्यापासून जवळ आहे म्हणून नव्हे. दशावतारी गंजिफ्यात 120 पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. पानं गोल. जुनी पानं कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून केलेली, वर लाखेचा हात. तिघे बसले की प्रत्येकाला चाळीस पानं, ती हातात धरणं हीच कसरत! दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही बुडत चाललेली कला एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि वाड्यात चित्रकार बसवले. आजही तिथे कुणी मान खाली घालून कूर्माच्या पाठीवरची रेघ ओढत असतं, आणि ब्रश टेकताना श्वास रोखून धरतं. त्या वेळी शेजारी उभं राहून सेल्फी काढू नये. (तू काढशील.) पाऊस कितीही पडो, हे काम छपराखाली चालतं, म्हणजे जुलैतही चालू होतं.

आता डिसेंबर. तेव्हा गावोगावच्या जत्रा चालू असतात. पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर दशावताराचा खेळ उभा राहतो. काळा संकासुर लाल जीभ काढून मालवणीत टोमणे मारतो, मग आख्यान लागतं ते उजाडेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बाकी नट उभ्याउभ्या बोलतात. मित्रांना भाषा कळणार नाही म्हणून घाबरू नकोस, संकासुर त्यांनाही सोडत नाही. सोबत शाली आण, चटई आत्याकडे आहे. आणि उतरवायचं कुठे? आत्याकडे. चार खाटा आहेत.

मित्रांना शिरवाळे खाऊ घालता येतील का, ते मात्र सांगता येत नाही. लाकडी साचा माळ्यावर आहे. उकडलेला गरम गोळा साच्यात घालून दांड्यावर भार टाकायला एक माणूस लागतो, खाली केळीच्या पानावर शेवया झेलायला दुसरा. पूर्वी तुझा बाबा दांड्यावर बसायचा आणि तुझी आई झेलायची. आता तो नाही, आणि तुझ्या आईचे गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, पुण्यात शेवयांचं पाकीट मिळतं, नारळाच्या दुधाचा डबाही मिळतो. बोलताना ती हसली, पण ते हसणं आत्याला आवडलं नाही. ती जेवते ना नीट? एकटीसाठी काय करायचं, असं म्हणून चहा-बिस्किटावर निजत नाही ना? रात्री उशिरा घरी येतोस, तेव्हा ओट्यावरची भांडी बघत जा. एकच कप दिसला तर आत्याला कळव.

गणपतीला आईला घेऊन ये. तिकिटं आजच बघ, कोकणच्या गाड्या भरल्या असतील. मिळाली नाहीत तर एसटीने ये, पण तिला खिडकीकडची जागा दे आणि घाटात डोळे मिटून बसायला सांग.

तुझी,
आत्या