लकडी पुलापलीकडे

पुण्याच्या सदाशिव पेठेंत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला मुठा नदी ओलांडणें म्हणजे नुसता पूल ओलांडणें वाटत नाहीं. लकडी पुलाच्या अलीकडे वाडे, बोळ, ओटे, देवळें आणि एकमेकांच्या भिंतींस पाठ लावून बसलेलीं घरें. पलीकडे रुंद रस्ते, बंगले आणि बंगल्यांहून उंच झाडें. पानिपतच्या प्रसंगानंतर लाकडाचा बांधला म्हणून 'लकडी' म्हटला गेलेला हा पूल कित्येक पिढ्यांपूर्वीं दगडी झाला, दप्तरांत त्याला संभाजी महाराजांचें नांवहि मिळालें. परंतु पेठकराच्या तोंडांतून 'लकडी' जावयास तयार नाहीं. वयाची साठी उलटेपर्यंत या पुलावरून मी गेलों तो सायंकाळीं फिरावयास, आणि दिवेलागणीस परत आलों. पलीकडे जाऊन बिऱ्हाड करावें असें कधीं मनांत आलें नव्हतें. तीन वर्षांपूर्वीं तो योग आला.

ज्या भागाला आज कोणी डेक्कन जिमखाना, कोणी भांडारकर रस्ता, कोणी प्रभात रस्ता म्हणतात, तो मूळचा भांबुर्डें आणि एरंडवणें या गांवांच्या जमिनींचा. एरंडवणें या नांवांत एरंड उघड दिसतो. एरंडाविषयींचें सुभाषित संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवेलच. येथील आजची झाडी पाहून तें म्हणण्याचें धैर्य होत नाहीं. १८८५ सालीं शहरांत निघालेलें फर्ग्युसन कॉलेज पुढें टेकडीच्या पायथ्याशीं येऊन बसलें. १८९६-९७ च्या प्लेगांत पेठकरांनीं घरें सोडून माळावर झोपड्या टाकल्या, तेव्हां उघड्या हवेची किंमत प्रथम पुष्कळांस कळली. १९०६ त डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली आणि तिचेंच नांव सबंध वस्तीस चिकटलें. १९१७ त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ त लॉ कॉलेज, १९३३ त कोल्हापुराहून आलेली प्रभात फिल्म कंपनी, अशी एकामागून एक बिऱ्हाडें येत गेलीं. १९५३ त कंपनी बंद पडली, तिच्या जागेंत १९६० पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. रस्त्याला नांव मात्र प्रभातचेंच राहिलें. त्या रस्त्यास फुटणाऱ्या गल्ल्या लोक क्रमांकांनीं ओळखतात. पेठेंत मुरलीधर, मारुति, विठोबा यांच्या खुणेनें घर शोधणाऱ्या माणसाला हें प्रथम फार रुक्ष वाटतें.

परंतु या क्रमांकांच्या गल्ल्यांत जी सावली आहे ती पेठांत नाहीं. येथें प्रथम आलेल्या प्राध्यापक, वकील, डॉक्टर, संशोधक मंडळींनीं एकमजली-दुमजली बंगले बांधले आणि उरलेल्या जागेंत आंबा, फणस, नारळ, बकुळ, अनंत, पारिजातक लावले. रस्त्याच्या कडांस गुलमोहोर आणि पर्जन्यवृक्ष आले. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण भागांतला, म्हणजे हे दोघेहि आमच्यासारखेच उपरे. पण आतां घरचेच झाले आहेत. पर्जन्यवृक्षाचीं पानें सायंकाळीं मिटतात. त्या वेळीं खालून वर पाहिलें, तर दिवसभर झांकलेलें आभाळ पुन्हा दिसूं लागतें. हें मी प्रथम पाहिलें तें बाविसाव्या वर्षीं, आणि तेव्हांपासून या भागाविषयीं माझ्या मनांत एक चोरटा लोभ होता हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं.

असो. आमच्या तीन पिढ्या ज्या वाड्यांत भाडेकरू म्हणून राहिल्या, तो वाडा मालकांनीं नव्या बांधकामासाठीं दिला आणि आमच्या वांट्यास कांहीं रक्कम आली. घरांत लहानमोठीं दहा माणसें: थोरले बंधु निवर्तल्यानंतर घराचा आधार झालेल्या वहिनी, पुतण्या, त्याची पत्नी आणि दोन मुलें, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि नात. मुलांचें म्हणणें असें कीं, गांवाबाहेर दूर दोन प्रशस्त सदनिका घ्याव्यात. वहिनींनीं एकच अट घातली. "भावजी, न्याल तेथें येईन, पण चूल एक ठेवा." मी म्हटलें, पुलापलीकडे एकदां पाहूं तरी. मुलें हंसलीं. शाळामास्तराच्या निवृत्तिवेतनाचा आणि प्रभात रस्त्यावरील भावांचा संबंध काय, असा त्या हंसण्याचा अर्थ होता, आणि तो खोटा नव्हता. तथापि दोघेहि मिळवते आहेत, आणि कर्ज काढण्याचें भय आमच्या पिढीला जेवढें होतें तेवढें त्यांस नाहीं.

दलालानें दाखविलेली पहिली जागा एक बंगला होता. म्हणजे बंगला विकत मिळावयाचा नव्हता. तो पाडून तेथें सहा मजली इमारत व्हावयाची होती आणि तींतील एक सदनिका आम्हांस मिळावयाची होती. दलालानें गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका हातीं दिली. तिच्यांत इमारतीच्या पायथ्याशीं हिरवीगार झाडी रंगविलेली होती. समोर प्रत्यक्षांत एक भला मोठा आंबा उभा होता. मी विचारलें, "या चित्रांतला हा आंबा कोणता?" तो म्हणाला, "तो नाहीं, सर. तेथें गाड्या लावण्याची जागा येईल. हीं झाडें नवीं लागतील." १९७५ च्या कायद्याप्रमाणें झाड तोडावयास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडांस विशेष संरक्षण दिलें आहे, हें मी वर्तमानपत्रांत वाचलें होतें, तें मीं त्यास सांगितलें. "परवानगीचें काम चालूं आहे," एवढेंच उत्तर मिळालें.

ओसरीवर बंगल्याच्या मालकीणबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. वय ऐंशींच्या पुढें. त्यांनीं बसावयास सांगितलें, पाणी दिलें. आंबा सासऱ्यांनीं लावलेला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांच्या खांद्याएवढा होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचें धरण फुटून लकडी पूल पाण्याखालीं गेला, त्या दिवसांत पेठेंतले नातलग या ओसरीवर आणि आंब्याखालीं येऊन राहिले होते. आतां मुलें परदेशीं, दिरांचे वारस तीन ठिकाणीं, छप्पर गळतें, जिना चढवत नाहीं. "बंगल्याचे चार तुकडे कसे करावयाचे? पैशाचे होतात," त्या म्हणाल्या. झाडाबद्दल त्या अधिक बोलल्या नाहींत, आणि मींहि विचारलें नाहीं.

परत येतांना मला स्वतःचीच लाज वाटली. त्या बाईंस काय म्हणून दोष द्यावा? त्या आंब्याखालीं राहावयास मिळावें म्हणून आमच्यासारखीं बारा कुटुंबें पैसे घेऊन दाराशीं आलीं होतीं, आणि तीं येणार म्हणूनच आंबा जावयाचा होता.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. दोन झाडांमध्यें वीस हातांचें अंतर उत्तम, सोळांचें मध्यम आणि बारांचें कनिष्ठ, असें प्रमाण त्यांत सांगितलें आहे. हात म्हणजे सुमारें दीड फूट धरला, तर उत्तम अंतर तीस फुटांचें होतें. एका गल्लींत दोन नव्या इमारतींमधील मोकळी जागा मी पावलांनीं मोजली. ती कनिष्ठांत बसली, आणि तीहि खालीं सगळी फरशी घातलेली. ज्या काळीं झाडांस एवढी जागा सोडीत, त्या काळीं माणसेंहि थोडीं होतीं हें मला कळतें. सूनबाईंनीं तें लगेच बोलूनहि दाखविलें.

शेवटीं आम्हीं घेतलें तें जुनें घर. एका बंगल्याच्या जागीं सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं झालेली तीन मजली इमारत, बारा सदनिका, लिफ्ट नाहीं म्हणून भाव त्या मानानें उतरलेला. आणि बांधणाऱ्यानें न जाणों कोणत्या सद्बुद्धीनें मागल्या बाजूस एक आंबा आणि एक बकुळ तशींच ठेवलेलीं. तळमजल्यावर समोरासमोरच्या दोन लहान सदनिका एकाच वेळीं विकावयाच्या होत्या. वहिनींनीं दोन्ही दारें उघडीं ठेवून मधल्या जागेंत उभें राहून पाहिलें आणि म्हणाल्या, "ही आपली पडवी." व्यवहार तेथेंच ठरला.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द लिहितों. ज्यांच्या घरीं असा विचार चालूं आहे त्यांस उपयोग होईल. मिळकतपत्रिका आणि सूची क्रमांक दोन पाहावी, मागील तीस वर्षांचा मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा, सोसायटीच्या नांवावर जमीन झाली आहे कीं नाहीं हें अवश्य विचारावें. नव्या इमारतींत २०१६ च्या कायद्यानें किंमत चटईक्षेत्रावर सांगावी लागते, म्हणजे भिंतींच्या आंत जेवढी सतरंजी पसरेल तेवढीच जागा. जुन्या घरांच्या दलालांस ही संवय अद्याप नाहीं, म्हणून टेप आपणच न्यावी. मुद्रांकशुल्क त्या वेळीं शेंकडा सात होतें आणि खरेदी केवळ स्त्रीच्या नांवें केल्यास शेंकडा सहा. दोन सदनिकांवर ही बचत लहान नव्हती. म्हणून एक सूनबाईंच्या आणि दुसरी पुतण्याच्या पत्नीच्या नांवें नोंदली. आमच्या घराण्यांत स्त्रीच्या नांवें स्थावर झालेलें हें पहिलेंच. सहीच्या दिवशीं वहिनी दोघींबरोबर निबंधकाच्या कचेरींत गेल्या आणि येतांना पेढे घेऊन आल्या. शेंकडा एकाच्या सवलतीनें जें झालें तें एरवीं आम्हीं केलें असतें कीं काय, हा प्रश्न मला कोणीं विचारला नाहीं, हें बरें झालें.

राहावयास आल्यावर या भागाचे गुण आणि उणेपण दोन्ही कळूं लागलें. पहांटे हनुमान टेकडीवर जावें, परततांना भांडारकर संस्थेच्या आवारावरून यावें. धनेश पक्षी पेठेंत मी कधीं पाहिला नव्हता. येथें तो खिडकीसमोरच्या फांदीवर बसून नातीच्या दुधाच्या पेल्याकडे पाहतो. दुपारीं तांबट पक्ष्याची टकटक चालते. परंतु दारें बंद असतात. पेठेंत विरजण मागावयास कोणीहि येई, आणि घटकाभर बसून चार घरांची वार्ता देऊन जाई. येथें पहिले सहा महिने वहिनींशीं घराबाहेरचें कोणी बोललें असेल तर तो दूधवाला. पुढें त्यांनींच तोड काढली. वैशाखांत आंबा उतरला, तेव्हां बाराहि घरीं कैऱ्या पाठविल्या आणि निरोप दिला कीं, झाड सर्वांचें आहे, लोणचें कसें घालतां तें सांगावयास या. चार बायका आल्या. दुसऱ्या वर्षीं सात आल्या.

२०२३ च्या ऑगस्टांत जिमखान्याचें मेट्रो स्थानक उघडलें. सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु त्यानंतर जुन्या इमारतींच्या दारांशीं पुस्तिका घेऊन येणारे वाढले असें मला वाटतें. गेल्या दिवाळींत आमच्या सोसायटीसहि पत्र आलें. इमारत पाडून दहा मजली बांधावयाची, प्रत्येकास अधिक चटईक्षेत्र, लिफ्ट, गाडीस जागा आणि बांधकाम होईपर्यंत भाडें. आमच्या दोन सदनिकांपैकीं एक चौथ्या मजल्यावर आणि एक आठव्यावर. समोरासमोर मिळणार नाहींत, असें विचारल्यावर नम्रपणें कळविलें. नकाशांत आंब्याच्या जागीं पाण्याची टांकी आहे. चिरंजीव आणि पुतण्या दोघेहि अनुकूल आहेत, आणि त्यांचीं कारणें फोल नाहींत: भिंतींस ओल आली आहे, मुलें मोठीं होत आहेत, वहिनींचे गुडघे गेल्यावर तळमजल्याखेरीज लिफ्टच उपयोगी पडणार. पन्नास वर्षांनीं ही इमारत उभी राहील काय, हें मलाहि सांगतां येत नाहीं.

नियमाप्रमाणें निम्म्याहून अधिक सभासदांची संमति पुरते. बारांपैकीं सहांनीं सह्या दिल्या आहेत, चौघांनीं नाकारल्या आहेत. उरलेल्या दोन आमच्या, आणि सभासद म्हणून नांवें दोघी सुनांचीं. चिरंजीवांनीं मला एकांतांत विचारलें, "बाबा, तुम्ही त्यांना सांगाल का?" मी म्हटलें, कागद त्यांच्या नांवाचे आहेत.

सभा येत्या रविवारीं आहे. काल रात्रीं जेवणें आटोपल्यावर दोघी मागल्या दारीं आंब्याखालीं खुर्च्या टाकून बराच वेळ बोलत बसल्या होत्या. वहिनी मध्यें एकदां जाऊन सुपारी देऊन आल्या. काय ठरलें हें मीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींहि अद्याप सांगितलेलें नाहीं.