डब्यावर ‘जैन’ लिहिलंय, पण वाजले किती?



आपल्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. शिखरजीला निघालं की माळशेज उतरून कल्याण गाठायचं आणि हावडा मेलनं पारसनाथ. मग प्रश्न येतो जेवणाचा.

आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवर आता जैन थाळी मागवता येते. कांदा, लसूण, बटाटा नाही, हे बरंच. पण चौविहार करणारीचं तेवढ्यानं भागत नाही. रात्री आठला हातात पडलेला जैन डबाही आपल्याला चालत नाही. गाडीला उशीर झाला, तर संध्याकाळचा डबा हुकलाच. म्हणून मी फक्त दुपारचा मागवते.

अजून एक. गाडी पूर्वेला जाते तसा सूर्य लवकर मावळतो. थंडीत पारसनाथला जुन्नरपेक्षा जवळजवळ तासभर आधी. घरच्या वेळेवर राहू नका, वाटेतल्या गावचा सूर्यास्त पाहून ठेवा.

घरून नेलेले थेपले दुसऱ्या दिवशी वासी होतात. संध्याकाळसाठी कोरडे खाखरे आणि भाजलेले चणे घ्या. गाडी कुठेही अडकली, तरी दिवस मावळायच्या आत खाऊन पच्चक्खाण घेता येतं.