कोरड्या मुलखातली मैदानं

कडा मागं पडलं की डेमूच्या खिडकीतून नुसते उघडे माळ. अहिल्यानगर ते बीड ही गाडी 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाली. परळीपर्यंतच्या या 261 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी 1995 ची! सरकारी सोयी इथं कोणत्या चालीनं येतात ते यावरून कळावं. मैदानांचंही तेच; खेळाडू आधी, संकुल मागाहून.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला पाच-सहा किलोमीटर पळत जायचा, कारण एसटी नव्हती. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि स्टीपलचेस लष्करातच शिकला. 1998 ते 2018 या काळात राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाचीच. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सोनं हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशानं. शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाणउड्या असतात. टँकरच्या तालुक्यातल्या गड्यानं नेमकी पाण्याची शर्यत मारावी, याचं मला अजून हसू येतं.

पुढं अंमळनेर भांड्याचे, म्हणजे पाटोदा तालुका. पैलवान राहुल आवारे इकडचा; 2018 चं राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 चं जागतिक कांस्य. या पट्ट्यात जत्रेचा हगामा हेच जुनं स्टेडियम. नांगरलेली माती, भोवती माणसांचं कडं, पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर. तिकीट नाही, कोनशिलाही नाही.

बीडला उतरलो. लहान शहरातलं क्रीडा संकुल बहुउद्देशीय असावंच लागतं. सकाळी भरतीची पोरं 1600 मीटरची वेळ लावतात, कडेनं निवृत्त मंडळी चालतात, निवडणुकीच्या हंगामात सभा होतात. खेळाला उरेल ती जागा.

क्रिकेटला तर पाणीही विकत. मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधलेली खजाना विहीर याच शहराजवळ आहे. भुयारी पाटांनी तिनं शेतं भिजवली. पण क्रिकेटपटू सचिन धसच्या सरावाची टर्फ विकेट ओली राहावी म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवावा लागे, असं त्याच्या वडिलांनीच पत्रकारांना सांगितलंय. 6 फेब्रुवारी 2024 ला बेनोनीत, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, 245 चा पाठलाग करताना भारत 4 बाद 32 होता. सचिननं 95 चेंडूंत 96 काढले, उदय सहारनबरोबर 171 जोडले, आणि भारतानं सामना दोन गडी राखून जिंकला.