चहा, कप आणि टँकरचं पाणी

संभाजीनगरात विद्यापीठात जायचंय? मग रिक्षा करू नका बॉस. पाणचक्कीपासून चालत सुटा. महमूद दरवाजा, बेगमपुरा आणि मग एकदम समोर ते प्रसिद्ध गेट. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, तेव्हापासून दर 14 जानेवारीला या गेटसमोर जनसागर लोटतो. आत सातशेहून जास्त एकर मोकळी जागा, मागे लेण्यांचा डोंगर आणि पायथ्याला सोनेरी महाल. मुंबई-पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्यांना जळवणारा कॅम्पस!

मी मात्र यावेळी कप मोजायला आले होते. बॅगेत स्टीलचा मग, मनात जरा शहाणपणा. गेटबाहेरच्या टपरीवर मित्रमंडळींचा घोळका होता. एकेकाचे दोन-दोन चहा झाले आणि पाठोपाठ तेवढेच कागदी कप कोपऱ्यातल्या खोक्यात गेले. कागदाचेच तर आहेत, असं आपण म्हणतो. पण आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो, म्हणून तर चहा गळत नाही. आणि त्याच लेपामुळे तो रद्दीतही जात नाही, खतातही धड जात नाही. जुलै 2022 मध्ये राज्य सरकारने असा लेप असलेल्या डिश-ग्लासांनाही बंदीच्या यादीत टाकलं होतं.

या शहरात तर कचऱ्याचं नाव काढलं की लोक सावध होतात. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं अख्ख्या शहराची घाण त्यांच्या उशाशी पडत होती, किती सोसणार? मग कचरा रस्त्यारस्त्यावर साचला, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रांची आखणी झाली. त्याच 23 मार्चला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. प्लास्टिकचे ग्लास हटले, कागदी कप आले.

"काचेचे ग्लास का नाही ठेवत?" मी टपरीवाल्या भाऊंना विचारलं. उत्तर तयारच होतं. "ठिवले होते ना ताई. धुवायला पाणी कुठून आणू? टँकरचं पाणी इकत घ्यायचं अन् दहा रुपयाच्या चहाचे ग्लास धुवायचे. परवडंल का तुम्हीच सांगा."

माझा शहाणपणा तिथेच गार पडला. खरंच की! ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, जायकवाडी भरलं तरी घागरी रिकाम्याच, तिथे यूज अँड थ्रो हा आळस नाही, हिशेब आहे. गंमत म्हणजे मी नुकतीच पाणचक्कीवरून आले होते. सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरासाठी नहर काढली. पाणचक्कीलाही डोंगरातलं पाणी मातीच्या नळातून येई आणि त्यावर पिठाची चक्की फिरे. आणि आज त्याच रस्त्यावर कप विसळायला पाणी नाही.

म्हणजे फक्त डस्टबिन वाढवून, पोस्टर लावून काम भागणार नाही. कॅम्पसला ग्लास हवे असतील तर आधी विसळायची सोय हवी, ती सोय कोण करणार ते ठरायला हवं. तोवर उरतो आपापला कप. मी दिवसभर तेच केलं. तीन चहा प्यायले, प्रत्येक वेळी बाटलीतल्या दोन घोट पाण्याने मग विसळला आणि ते पाणी झाडाला घातलं. मैत्रिणी हसल्या, हसू देत. एकीने दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा कप आणायचं कबूलही केलं (आणते का बघू).

पण खरी फजिती पहिल्याच चहाला झाली. मी ऐटीत मग पुढे केला. भाऊंनी किटली उचलली, मापासाठी एक नवा कागदी कप भरला, माझ्या मगात ओतला आणि तो कप खोक्यात फेकून दिला!

दुसऱ्या चहाला मी मगावर नखाने खूण दाखवली, "इथपर्यंत भरा." ते हसले. तिसऱ्या वेळी मी पोचले तर त्यांनी एकच कागदी कप मापाला म्हणून किटलीशेजारी वेगळा ठेवला होता.