न दिसणारी दुरुस्ती

मिशिगनमधल्या लहान गावांतून हिंडताना कुठल्या ना कुठल्या घराच्या मागे, ताडपत्रीखाली, ट्रेलरवर चढवून ठेवलेली एक जुनी शिडाची बोट दिसतेच. पुष्कळदा ती ‘कॅटालिना २२’ असते. माझीही तीच आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक बटलर यांनी १९७० च्या सुमारास ही बोट बाजारात आणली आणि पुढे तशा १५,००० हून अधिक बोटी बांधल्या गेल्या. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ फुटांच्या आत. महामार्गाच्या एका पट्ट्यात ती सहज मावते. दणकट गाडीमागे जोडून ती कुठल्याही तळ्यावर नेता येते, हिवाळ्यात घरी आणता येते, धक्क्याचं वर्षभराचं भाडं वाचतं. तळाशी सुमारे अडीचशे किलोचं ओतीव लोखंडाचं पातं असतं. इथे त्याला कील म्हणतात. ती खाली सोडली की बोट पाच फूट पाणी मागते, वर ओढली की दोन फुटांत भागतं. समुद्राची हौस असलेल्या पण खिसा बेताचा असलेल्या माणसासाठी विचारपूर्वक केलेली ही रचना आहे, आणि म्हणूनच मला ती फार मोलाची वाटते.

माझं लहानपण हर्णै बंदराजवळ गेलं. तिथे पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि मासेमारी बंद असताना त्यांची डागडुजी होते. लाकडी होडीत कुजलेली फळी डोळ्यांना दिसते. सांध्यातून पाणी येऊ लागलं की कुठे कापूस ठासायचा तेही कळतं. फायबरग्लासचं तसं नाही. पन्नास वर्षांनंतरही तो बाहेरून धडधाकट दिसतो. त्याचं दुखणं आत असतं.

डेकचंच पाहा. वर-खाली फायबरग्लासचे थर आणि मध्ये प्लायवुड. कठड्याचे खांब, दोर अडकवायचे खुंटे हे सगळं डेकला भोकं पाडून बोल्टांनी बसवलेलं असतं. भोकांभोवतीचं सीलंट वर्षांनुवर्षांच्या उन्हाने वाळतं, तडकतं, आणि पाणी थेंबाथेंबाने आतल्या लाकडात झिरपतं. हिवाळ्यात ते गोठतं, गोठताना फुगतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत गेलं की निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग भोक मोठं करायचं, कुजका भाग खरवडून काढायचा, उरलेलं नीट वाळू द्यायचं, घट्ट इपॉक्सी भरायचं आणि त्या इपॉक्सीतच नवं भोक पाडायचं. आता बोल्टाजवळून पाणी शिरलं तरी ते लाकडाला शिवत नाही. काम झाल्यावर बोट बाहेरून पूर्वीसारखीच दिसते.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा स्टेनलेस स्टीलच्या. या पोलादाचं संरक्षण करणारा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. तारेचं टोक जिथे नळीत दाबून बसवलेलं असतं तिथे पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही आणि गंज आतून खातो. तार चकचकीत असते, आणि एका वाऱ्यात डोलकाठी आडवी होते. ट्रेलरच्या चाकांचीही अशीच गोष्ट. दूरच्या प्रवासाने तापलेला हब उतारावरून थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी शोषलं जातं. पुढच्या खेपेला बेअरिंग भर रस्त्यात दगा देतं. अडीचशे किलोची कील ज्या पिनेवर फिरते तिची झीज आणि जिने ती वर उचलतो त्या तारेचं तुटणं, दोन्हीही वेळेवर पाहावं लागतं. ती तार तुटून कील धाडकन खाली आली तर बोटीचा तळच फुटू शकतो.

सुधारणांना माझा विरोध नाही. एलईडी दिवे जुन्या बल्बच्या मानाने अगदी थोडी वीज खातात. शिडाचे दोर मागे बसण्याच्या जागेपर्यंत आणले तर लाटांमध्ये पुढे डेकवर जावं लागत नाही, हा जिवाच्या काळजीचा भाग आहे. पण क्रम महत्त्वाचा. पिन, तारा, बेअरिंग, डेक हे आधी. नवं शीड, सोलर पॅनल, पडद्यावरचा नकाशा हे नंतर. नवं बसवल्याचा आनंद त्याच संध्याकाळी मिळतो. जुनं सांभाळण्याचं फळ म्हणजे काही वाईट न घडणं, आणि जे घडलंच नाही ते कुणाला दाखवता येत नाही. घर, संस्था, गावचा पूल, सगळीकडे दुर्लक्ष नेमकं याच कामांकडे होतं. बोटीवर काम करताना कौतुकाविना नीट काम करण्याची सवय लागते. मला ती या छंदाची सर्वांत मोठी देणगी वाटते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. फायबरग्लासमधलं रेझिन एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा वापरता येत नाही. टाकून दिलेल्या बहुतेक बोटी तुकडे होऊन कचऱ्याच्या भरावात जातात आणि तिथेच पडून राहतात. त्या जागी नवी बोट घेणं साध्या पगारात जमत नाही. म्हणजे दुरुस्तीअभावी मोडीत गेलेल्या प्रत्येक बोटीबरोबर एका बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबाची पाण्यावर जाण्याची संधीही जाते.

म्हणून जुनी बोट घेणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे: रंग पाहून भुलू नका आणि रंग उडालेला पाहून पाठही फिरवू नका. स्क्रूड्रायव्हर हातात घ्या, त्याच्या मुठीने डेक ठोकून पाहा, कीलची पिन काढून तपासा, तारा आणि बेअरिंग बदला. पहिल्या वर्षाचे पैसे आणि पहिल्या वर्षाचा वेळ या न दिसणाऱ्या कामांनाच द्या. एवढं झालं की अशी बोट तुमच्यानंतरच्या माणसालाही पाण्यावर नेईल.