पितळी पेला

माळा आवरताना आजीचा पेला हाती लागला, वर हिरवट थर चढलेला. चिंचेनं घासू लागलो आणि त्या आंबूस वासासरशी राहुरीकडची खडी डोळ्यांपुढं आली.

१९७२ चा दुष्काळ. आजी खडी फोडायला जायची ती डोक्यावर माठ घेऊन. दुपारी जो येईल त्याला पाणी. एक म्हातारा मात्र पेला घेत नसे. ओंजळ पुढं करायचा. आजी वाकून वरून धार सोडायची, त्याची मान 'पुरे' म्हणेपर्यंत. मला राग यायचा. एकदा विचारलंच. म्हणाली, "तहान त्याला लागली व्हती ना, लेका. आपल्याला न्हाई."

इथं लक्ष्मीबाई टिळक मध्ये येतातच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई पुढं नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. मग राहुरीच्या दिवसांत त्यांना प्रश्न पडला, जात देवानं केली की माणसानं? आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवून टाकलं. स्वतःचा बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. आधी पिण्याच्या पाण्याचा सोक्षमोक्ष, मग बाप्तिस्म्याच्या.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' माझं फार लाडकं पुस्तक. तरी एक सल आहे. लक्ष्मीबाईंकडे टाकायला सोवळं होतं. आजीकडे काय होतं? नगर जिल्ह्यातल्या आमच्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या महार-मांगांच्या घरांतून उभ्या राहिल्या. ज्यांनी विटाळ सोडून पाणी घेतलं त्यांची नावं राहिली. विटाळ मानणाऱ्याच्या ओंजळीत ज्या बायांनी धार धरली, त्यांची कोणी लिहिली? प्रभूच्या मागं चालणं मी पाळकसाहेबांच्या उपदेशात पुष्कळ ऐकलं. पाहिलं ते त्या वाकलेल्या पाठीत. तिला अक्षरओळख नव्हती.

तो म्हातारा मला अजून आवडत नाही. आज पेला घासतानाही त्याच्यावरच चिडलो होतो. बुडाचा पोचा घासता घासता हात थांबला.

माझा चुलतभाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. बांधावरून वाद झाला, त्याला चार वर्षं झाली. रविवारी दोघं एकाच उपासनेला बसतो. गेल्या नाताळात फराळाचं ताट द्यायला गेलो, तर वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आत्ताच प्यालोय," म्हणालो.

प्यालो नव्हतो.