सिद्धगडावरील एक विचार

मुत्सद्देगिरीविषयी आपल्या लोकांच्या मनात फारसा आदर दिसत नाही. तलवार गाजविणाऱ्याचे पोवाडे होतात. तह घडवून आणणाऱ्याला बखरीतील एखादी ओळ मिळते. नुसत्या बोलण्याने कोठे काही घडते काय, हा प्रश्न आपल्या हाडीमासी खिळलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात हिंडताना हाच प्रश्न माझ्या मनात घोळत होता. माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे येथेच २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या ‘आझाद दस्त्या’चे कोतवाल हे नायक. दरवर्षी त्या तिथीस लोक येथे जमतात आणि त्यांचे स्मरण करतात. अशा जागी शब्दांची महती कोणी सांगावी?

परंतु ज्या दिवशी हे रान रक्ताने भिजले, त्याच दिवशी नैनीच्या तुरुंगात एक स्त्री बंदिवान होती, हे मला तेथे आठवले. तिचे नाव विजयालक्ष्मी पंडित. पती रणजित पंडित यांचे घराणे मूळचे कोकणातले. तेव्हा ती महाराष्ट्राची सूनच म्हणावयाची. पुढे १९६२ ते १९६४ या काळात ती या राज्याची राज्यपालही झाली.

तुरुंगवासाने खंगलेले रणजित १४ जानेवारी १९४४ रोजी वारले. मृत्युपत्र नव्हते, पुत्र नव्हता. पदरी तीन मुली. त्या काळच्या हिंदू कायद्याचा आधार घेऊन मिळकतीतील वाटा तिला नाकारण्यात आला. अशा अवस्थेत १९४४ च्या अखेरीस ती अमेरिकेस गेली. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोस राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानचे प्रतिनिधी इंग्रज सरकारच्या पसंतीचे होते. हिला आत आसन नव्हते. तरी सभागृहाबाहेर राहून तिने स्वतंत्र हिंदुस्थानची बाजू जगापुढे मांडली. तिच्या मागे ना सैन्य होते, ना खजिना. कारागृहे भरणाऱ्यांचा आणि रानोमाळ देह ठेवणाऱ्यांचा त्याग, एवढेच तिचे अधिकारपत्र होते.

पुढच्याच वर्षी ती भारताच्या शिष्टमंडळाची प्रमुख होऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न तिने तेथे लावून धरला. समोर जनरल स्मट्स होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उपोद्घातास ज्यांचा हात लागला, तेच हे गृहस्थ. डिसेंबर १९४६ मध्ये ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत झाला. विजयानंतर ती स्मट्सपाशी गेली आणि आपल्या बोलण्यात काही उणे पडले असल्यास क्षमा मागितली. गांधीजींनी तिला तशीच शिकवण दिली होती. हा विजय पोकळ आहे, असे वृद्ध सेनापतीने तिला सांगितले.

त्याचे म्हणणे वरवर खरेच ठरले. १९४८ च्या निवडणुकीत स्मट्सची सत्ता गेली आणि वर्णभेदाचे कायदे अधिकच निष्ठुर झाले. १९५३ साली ती आमसभेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन येथील वकिलाती तिने सांभाळल्या. पण १९४६ चा तो ठराव कागदावरच राहिला. १ डिसेंबर १९९० रोजी ती निवर्तली. त्याच वर्षी मंडेला तुरुंगातून सुटले होते. परंतु सर्व वर्णांच्या लोकांनी मिळून केलेले मतदान १९९४ मध्ये झाले. ते पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

कोतवालांनाही १९४७ चे वर्ष दिसले नाही. रानात झुंजणारा आणि सभागृहात बोलणारी, दोघांच्याही वाट्याला पेरणीच आली. फरक इतकाच की गोळी झेलणाऱ्याचा त्याग एका क्षणात डोळ्यांत भरतो. शांततेसाठी बोलणाऱ्याला मात्र हरलेल्यापुढे नम्र होऊन, पोकळ ठरविलेला विजय उराशी धरून, उभा जन्म वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्याचा पोवाडा अद्याप कोणी रचलेला नाही.